मालकांचं पाणी

१ मार्च, शनिवार

ही वही मामीनं दिली. गेल्या सालची डायरी आहे, पशुखाद्याच्या कंपनीची. पानापानावर एकच जर्सी गाय. तारखा चालतील, वार चुकीचे आहेत, ते खोडून लिहीन. मामी म्हणाली, "लखन, दोन महिने एका जागी टिकलास तर नवीकोरी आणून देते." म्हणजे ही वही नाही, पैज आहे.

मी बारावी नापास. इंदापूरच्या घरातनं तीनदा निघालो. दोन वर्षं बोर पाडायच्या गाडीवर, पाच महिने सुरतेला साड्यांच्या गोदामात, मग गोव्यात भांडी घासली. आता मानसिंगमामाकडं. काटेवाडीच्या अलीकडं चिंचमळा म्हणून वस्ती आहे, तिथं मामाचा पाण्याचा प्लँट. बोरचं खारं पाणी मशीनमधून काढायचं, जार भरायचे, 'छोटा हत्ती' टेम्पोत टाकून एमआयडीसीत आणि वस्त्यांवर पोचवायचे. मशीन जेवढं गोडं पाणी देतं, जवळजवळ तेवढंच खारं दुसऱ्या नळानं बाहेर टाकतं. मामा त्याला 'वेस्ट' म्हणतो, पण वेस्ट काही करत नाही. पाइप सरळ म्हशींच्या हौदात. धुणं, भांडी, गाडी धुणं सगळं त्यावर.

"आपल्यात थेंब वाया जात न्हाय," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. खरं आहे ते. मला आवडलं.

४ मार्च

प्लँटच्या मागं दगडाबाईचं घर. सत्तरीची असेल. मुलगा सौरभ एमआयडीसीत शिफ्टला जातो, सून राजेश्वरी घर आणि दोन गायी बघते. वहिनींनी आजपासून जार लावला. मी उंबऱ्यात जार ठेवला तर म्हातारी म्हणाली, "हे न्या माघारी. फिकं पाणी हाय ते. तोंड धुतल्यावानी लागतं."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ठेवा. आत्याबाईंचं रोजचंच हाय."

मी बसलो. बसायला नको होतं, पुढं बारा ठिकाणी जायचं होतं, पण आजीनं शेंगा पुढं केल्या. मग तिनं सांगितलं. मामाचा प्लँट ज्या तुकड्यावर आहे तो पूर्वी ह्यांचाच. दुष्काळात तिच्या नवऱ्यानं, गेणूआबांनी, तिथं बोर पाडली. पाणाड्या नारळ तळहातावर घेऊन फिरला आणि नारळ उभा राहिला ती जागा. सातशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. लोक घरी गेले. आबा बसून राहिले. पुढं पाणी आलं ते असं आलं की आबांनी सगळ्यांच्या आधी तोंड लावलं आणि म्हणाले, "चव हाय गं ह्याला."

"मालकांचं पाणी हाय ते," आजी म्हणाली. "तुकडा इकस्तवर बारा वरसं पेले मी. आता तुझ्या मामानं मशीन लावून त्याची चवच काढून टाकली."

मला एकदम सुचलं. चव काढली म्हणजे ती कुठंतरी गेली असणार की. मी प्लँटवर गेलो, वेस्टच्या नळाखाली पाच लिटरचा कॅन धरला आणि आणून दिला. आजीनं तांब्यात ओतलं, एक घोट घेतला, डोळे मिटले.

"हे हाय," म्हणाली. "त्याच्यापेक्षा कडक हाय, पर हेच हाय."

इतकं कुणी माझ्यावर कधी खूश झालं नव्हतं. मीही घोटभर प्यायलो. खारट, जिभेवर जड. मला काही कळलं नाही, पण मान हलवली.

११ मार्च

रोज सकाळी पहिला कॅन आजीचा. मामाला सांगितलं तर म्हणाला, "दे की. नाहीतरी म्हशीच पितात." वहिनींनी मला थँक्यू म्हटलं. आत्याबाई आता जेवताना कुरकुर करत नाहीत.

१४ मार्च, धुळवड

आज जार नाहीत. एका ट्रकवाल्याबरोबर भिगवणला गेलो, बॅकवॉटरवर रोहित पक्षी बघायला. पाण्यात पाय सोडून बसलो. पाय लांब असते तर मी पण पक्षीच झालो असतो, कुणी विचारलं नसतं की कुठं टिकतोस. येताना बस चुकली.

२२ मार्च

इंदापूरला गेलो, आईला भेटायला. आईनं विचारलं, "किती दिवस झाले?" म्हटलं, बावीस. ती हसली.

दगडाआजीसाठी चप्पल घेतली. तिची जुनी चप्पल पायात जाईना म्हणून ती अनवाणीच हिंडते. पाय भरलेत. बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि तसाच राहतो, तिनं गंमत म्हणून मला दाखवला. उन्हाळ्यात भरतात पाय, आमच्या आईचे पण भरतात. दुकानदाराला म्हटलं, सात नंबर द्या, मऊ, मागं पट्टा नको. आजीनं घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "नवरीसारखं चालाय लावलंस," म्हणाली.

मग म्हणाली, "मालकांचे बी शेवटी पाय असेच झाल्ते. खांबासारखे. त्यांना चप्पल आणायचं कुणाला सुचलं न्हाय."

मला बरं वाटलं की मला सुचलं.

१ एप्रिल, मंगळवार

आज पुण्याहून एक मॅडम आल्या. वल्लरी नाव, तिशीच्या असतील, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बाटल्याच बाटल्या. एका संस्थेच्या कामावर खोल बोरचं पाणी तपासत फिरतात. मामानं आधी विचारलं, "फूड लायसनवाल्या न्हाय ना?" मग चहा सांगितला.

मॅडम म्हणाल्या, "पंप दहा मिनिटं चालू दे, मग भरू." ती दहा मिनिटं मी त्यांना प्रश्न विचारून हैराण केलं. कशासाठी तपासता, तर म्हणाल्या, बऱ्याच गोष्टींसाठी. क्षार, नायट्रेट, युरेनियम.

मामा म्हणाला, "युरेनियम म्हंजे बाँबचं? निघालं तर सांगा मॅडम. जार बंद करून तेच विकू."

त्या हसल्या, पण थोड्याच. आधी त्या तिकडं पूर्वेला होत्या, एक युरेनियमची खाण बंद पडली त्या गावांत. खाण बंद झाली तरी चुरा तिथंच राहिला. लोकांनी तो चुरा घराच्या भरावाला टाकला, अंगणं सारवली. पावसानं तो विहिरीत गेला. नवऱ्याचे खाणीतले कपडे बायका हातानं धुवायच्या. "ज्या बायका जन्मात खाणीत उतरल्या नाहीत त्यांच्या लघवीत ते सापडायचं," म्हणाल्या. "किडनी जाते. दुखत नाही काही. माणसाला वाटतं थकवा आहे, वय झालंय."

मामा म्हणाला, "पर आपल्यात कुठली खाण?"

"खाण नाहीये. पण दगडात ते थोडं थोडं असतंच, आणि तुम्ही बोर किती खोल नेल्यात. तिथं खाणीनं वर आणलं. इथं बोरनं आणलंय का, एवढंच बघायचंय. नसेलही."

एक बाटली बोरच्या नळाची भरली, एक जारच्या नळाची. त्या फोनवर बोलत असताना त्यांच्या पिशवीत एक रिकामी दिसली. मला रिकामी बाटली बघवत नाही. वेस्टच्या नळाची भरली, चिठ्ठीवर लिहिलं, 'आजीचं पाणी', आणि ठेवून दिली. तेवढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यात आडव्या झाल्या, ते बघायला पळालो. मॅडम कधी गेल्या कळलंही नाही.

३ एप्रिल

मॅडमच्या बोलण्यावरून आठवलं ते लिहून ठेवतो. आम्ही बोरची गाडी घेऊन तिकडं गेलो होतो. मॅडमचंच गाव की दुसरं, माहीत नाही, पण तिथंही बंद खाण होती. मोठा खड्डा, आत निळंशार पाणी, पोरं पोहत होती. गावातल्या एका हातपंपाला लाल रंग दिला होता. मी प्यायला गेलो तर एक म्हातारा काठी आपटत आला. त्याची भाषा मला येत नव्हती. त्यानं लाल रंगावर हात ठेवला, मग स्वतःच्या कमरेवर मागं हात ठेवला, आणि नुसती मान हलवली. मला वाटलं पंपाला टेकून त्याची कंबर दुखते. तरी नाही प्यायलो, कारण तो जाईचना.

आज जार वीस कमी गेले. ऊन फार.

१५ एप्रिल

दुपारी मॅडमचा फोन. मी छोटा हत्ती चिंचेखाली लावून झोपलो होतो.

म्हणाल्या, "जारचं पाणी चांगलं आहे, मशीन नीट काम करतंय. बोरच्या पाण्यात युरेनियम मर्यादेच्या वर आहे. आणि लखन, तिसरी बाटली कुणी ठेवली? तिच्यात तर बोरच्या जवळजवळ दुप्पट आहे."

"दुप्पट कसं?"

"मशीन जे अडवतं ते जातं कुठं? त्या टाकाऊ पाण्यातच ना. त्यावर लिहिलंय 'आजीचं पाणी'. कुणाची आजी?"

मी म्हटलं, असंच लिहिलं, गंमत म्हणून.

त्यांनी हळू विचारलं, "ते पाणी कुणी पित नाही ना?"

मी म्हटलं, म्हशी.

म्हणाल्या, "म्हशींनाही देऊ नका." आणि फोन ठेवला.

मी हे लिहिलंय ते वाचलं. मार्चपासूनची सगळी पानं वाचली. पाय. खड्डा. सात नंबर. खांबासारखे. माझ्याच अक्षरात.

१६ एप्रिल

मामाला सांगितलं. मामा पान्हा घेऊन मोटरीपाशी बसला होता.

"जारचं ओके हाय म्हणाली ना?"

"हो."

"मग झालं. म्हातारीला कॅन बंद कर, बाकी कुणाला बोलू नगं. युरेनियम म्हणल्यावर चिंचमळ्याचं नाव घेऊन कुणी पाणी पिल का? चार घरं चालत्यात ह्याच्यावर."

"आणि म्हशींचं?"

"काय म्हशींचं?"

"त्यांनाही देऊ नका म्हणाल्या."

मामा पान्हा टाकून उठला. म्हशींचं ऐकल्यावर उठला. संध्याकाळच्या आत हौदाचा पाइप कापला, वेस्टचं पाणी प्लॅस्टिक अंथरलेल्या खड्ड्यात सोडलं. हौदात जुनं शिल्लक आहे ते तसंच ठेवलंय, उद्या उपसू म्हणाला. मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही.

१७ एप्रिल

आज आजीला सांगणार होतो. नाही सांगितलं. त्याऐवजी जे केलं ते लिहायला लाज वाटते. जारचं चांगलं पाणी कॅनमध्ये घेतलं, त्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला, हलवलं, चाखलं. मला तसंच लागलं. घेऊन गेलो.

आजीनं एक घोट घेतला. तोंडातच ठेवला. मग अंगणात जाऊन थुंकला.

"लखन्या, हे कुठलं?"

"तेच आहे आजी."

"मालकांचं न्हाय हे. ह्यात मीठ टाकलंय कुणीतरी."

"टाकी धुतली मामानं. म्हणून असेल."

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. सौरभदादा लहानपणी खोटं बोलला असेल तेव्हा असंच बघितलं असणार.

१९ एप्रिल

पळालो. खरं तेच लिहितो. सकाळी कपडे पिशवीत भरले, बारामतीहून इंदापूरची बस धरली. घरी गेलो नाही. स्टँडवर बसलो. हैदराबादला जाणारी गाडी येते दुपारी, मित्र तिथं आहे, टाइल्सचं काम आहे. वडापाव खाल्ला. समोरच्या चपलांच्या दुकानाकडं बघायचं नाही ठरवलं होतं, पण ते समोरच आहे.

बाकड्यावर शेजारी एक बाई मुलाला पाणी पाजत होती, बाटलीतून. मूल तोंड फिरवत होतं आणि ती म्हणत होती, "पी रे, चांगलं हाय." ती कुठल्या विश्वासावर म्हणत होती? मी पण असंच म्हणत होतो रोज सकाळी.

तो लाल पंपाजवळचा म्हातारा. त्याला माझी भाषा येत नव्हती, माझं नाव माहीत नव्हतं, तरी मी जाईपर्यंत तो हलला नाही. उन्हात.

हैदराबादची गाडी आली आणि गेली. मी चिंचमळ्याला परत आलो. मामीनं पिशवी बघितली आणि ताट वाढलं.

२० एप्रिल, रविवार

सांगितलं.

आजी अंगणात ज्वारी निवडत होती. वहिनी दोरीवरचे कपडे काढत होत्या. मी उभ्यानंच सगळं बोललो, मशीन काय करतं, वेस्टमध्ये काय उतरतं, मॅडम काय म्हणाल्या, कॅनमधलं मीठ. माझा आवाज कुणाचा तरी वेगळाच येत होता.

आधी वहिनी बोलल्या. "भाऊजी, तुमी दीड महिना आणून घालत व्हता. आणि मी थँक्यू म्हणत व्हते."

"माहीत नव्हतं, वहिनी."

"पाच दिवस तर माहीत व्हतं ना? फोन आला त्या दिवसापास्नं?"

त्या कपडे तसेच टाकून आत गेल्या आणि भांड्यांचा आवाज करत राहिल्या.

आजीनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बोरचं बी वाईट म्हणाल्या का? का नुसतं तुझ्या नळाचंच?"

मी म्हटलं, "बोरचं पण. माझ्या नळाचं जास्त."

"म्हंजे आमी पेलो ते बी."

"हो आजी."

"मग मालकांचे पाय..."

तिनं सूप परत हातात घेतलं आणि खडे काढायला लागली. खडे नव्हतेच त्यात.

२३ एप्रिल

वल्लरी मॅडम स्वतः आल्या. बारामतीला दवाखान्यात आजी, वहिनी, मी. आजीनं अट घातली, "बाटलीत लघवी द्यायची असंल तर ह्यो बी देईल. त्यानं बी पेलंय." मी पण दिली. नर्स हसत होती.

डॉक्टर म्हणाले, आजीची किडनी निम्म्याहून कमी चालते. गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळू. सुजेच्या, बीपीच्या गोळ्या दिल्या. आणि चांगलं पाणी, मोजून सांगितलं तेवढं, रोज. माझं ठीक आलं. मला त्याचा आनंद होईना.

बाहेर मी मॅडमना विचारलं, "माझ्यामुळं झालं का?"

त्या पटकन 'नाही' म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "बीपी जुनं आहे. बोरचं पाणी बारा वर्षं प्यायल्या. त्यात तुमचे सहा आठवडे. कशानं किती, हे कुणीच वेगळं काढून सांगू शकत नाही. खाणीच्या गावांतही लोक मला हेच विचारायचे. पण ते थांबलं ना, ते बघा."

"आणि आबा?"

"त्यांचं तर आता काहीच तपासता येणार नाही, लखन."

२६ एप्रिल

थांबलेलं नाही. आजी जारचं पाणी तोंडाला लावत नाही. चहा घेते, घोटभर ताक घेते. गोळ्या पण ताकाबरोबर. आज वहिनींनी तिला म्हशींच्या हौदाशी तांब्या घेऊन वाकलेलं पकडलं. मामानं उपसायचा राहिलेला तो हौद. तांब्या हिसकावून घेताना दोघी रडल्या. मामानं हे ऐकलं आणि बादलीनं हौद कोरडा केला, मग वेस्टच्या नळाला स्वतः लाल रंग दिला. मी त्याला लाल पंपाचं कधी सांगितलं नव्हतं. घरात गेटचा तोच रंग उरलेला.

२७ एप्रिल

आजीकडं जाऊन बसलो. रोज जायचं ठरवलंय, बोलो न बोलो.

म्हटलं, "आजी, प्या की. डॉक्टर काय म्हणाले?"

"पिते. मरायचं न्हाय मला."

"मग?"

ती म्हणाली, "त्यांनी दोन दिस जेवलं न्हाय ती बोर पडस्तवर. सगळ्या वस्तीनं पेलं ते पाणी त्या वरसाला. आज मी ते सोडलं तर मी म्हणल्यागत झालं की, तुमी आमाला इख पाजलं. मेल्या माणसाला असं म्हणू?"

मला मोठ्या गोष्टी सांगता येत नाहीत. मला बोरच्या गाडीचं येतं, ते सांगितलं. म्हटलं, आजी, मी दोन वर्षं त्या गाडीवर होतो. वर उभं राहणाऱ्याला खालचं काही दिसत नाही. फुफाट्याचा रंग बघायचा, ओल आली का हाताला बघायचं, बस. गाडीवाल्याला माहीत नसतं, पाणाड्याला नसतं. आबांनी पाणी मागितलं, खालून पाणी आलं. त्याच्याबरोबर आणखी काय आलं ते त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला पिऊ दिलं असतं का?

ती म्हणाली, "तोंड बांधून टाकलं असतं बोरचं. तसलाच व्हता गडी."

मग शेंगा फोडायला लागली.

"त्यांना मग कोण सांगणार?" एवढंच म्हणाली.

मला प्रश्न कळला नाही.

३० एप्रिल, आखिती (अक्षय्य तृतीया)

वहिनींनी सकाळीच बोलावलं. आखितीला मातीचा नवा करा आणून, पाण्यानं भरून, गेलेल्या माणसाच्या नावानं ठेवतात. उन्हाळ्यात त्याला तहान लागू नये म्हणून. आजीनं करा आधीच धुऊन ठेवला होता. आबांचा फोटो पाटावर, पुढं पुरणपोळी, आंब्याचा रस. करा रिकामा.

मी दारात थांबलो. मला वाटलं आता ती बोरचं पाणी मागणार. मागितलं असतं तर मी आणलं असतं, मेलेल्याला काय होणार आहे, असं मी मनात ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

आजी म्हणाली, "लखन्या, जार वाकीव."

मी वाकवला. तिनं दोन्ही हातांनी करा धरला होता, भरून वाहायला लागला तरी धरून होती. मग पाटावर ठेवला, पदर घेतला आणि फोटोशी बोलली. आपण कुणाशी जेवताना बोलतो तसं.

"अवो, त्या पाण्यात खोट निघाली. तुमाला ठावं नव्हतं, कुणालाच ठावं नव्हतं. आता हे प्यायचं. फिकं हाय, पर प्या."

वहिनी आत निघून गेल्या. मी जार धरूनच उभा होतो, खाली ठेवायचं सुचलं नाही.

आजी थोडा वेळ बसली, पिणाऱ्याला वेळ लागतो तेवढा. मग स्वतःचा तांब्या पुढं केला. लग्न झाल्यापासून ती आबांच्या आधी कधी पाणी प्यायली नाही, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. तांब्या निम्मा केला. तोंड वाकडं केलं.

"अजून," म्हणाली.

२ मे

मामी नवी वही घेऊन आली. मी म्हटलं, हिची पानं शिल्लक आहेत, राहू दे. मामानं पाटी लावली आहे प्लँटवर, स्वतःच्या हातानं लिहून. लाल नळाचं पाणी माणसांनी व जनावरांनी पिऊ नये. खाली कारण लिहिलंय, खरं तेच. तीन गिऱ्हाईकं सुटली. एक फक्त विचारायला आला, दुसऱ्या वस्तीवरून, की आमच्या बोरचं पण तपासून मिळेल का. मी मॅडमचा नंबर दिला. आता त्यांच्या बाटल्या मीच गोळा करतो, सुट्टीच्या दिवशी, छोट्या हत्तीतून. एकही रिकामी ठेवत नाही, पण चिठ्ठीवर आता नाव, गट नंबर, खोली, सगळं लिहितो. खड्ड्यातल्या खाऱ्या पाण्याचं पुढं काय करायचं हे मॅडमनाही अजून नक्की माहीत नाही. मीही विचार करतोय, जार वाहताना.

१८ मे, रविवार

आज जार टाकायला गेलो तर आजी अंगणाच्या मधोमध एका पायावर उभी. दुसरी चप्पल चार हात लांब पडलेली.

"कसली आणलीस रं ही?" म्हणाली. "पायातनं निसटतीया. चालू का हिला धरून ठेवू?"

मी चप्पल उचलून आणली. तिच्यापुढं ठेवली. पाय बघितला. घोट्याचं हाड दिसत होतं.

"सहा नंबर आणतो," म्हटलं.

"पाच आणा," वहिनी आतून म्हणाल्या. "आत्याबाईंचा पाच व्हता."